‘उपकार’ हा शब्द आधी मागे घ्या

माननीय विश्वस्त मंडळ,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात वाड्याच्या दरवाजावर तुमची नोटीस लागली. ती सेलोटेपने चिकटवली होती. पहिल्याच सरीला टेप सुटला आणि कागद चौकात तुळशीपाशी जाऊन पडला. नऊ नंबरच्या खोलीतल्या मावशींनी तो उचलून वाळवला, घडी घालून पोथीत ठेवला आणि मी गेले तेव्हा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “वाच गं जरा, माझा चष्मा जुना झालाय.” चष्मा जुना झालाय हे खरंच आहे. पण त्याआधी त्यांनी तो कागद तिघींकडून वाचून घेतला होता, हे मला मागाहून कळलं. चौथ्या वाचनात तरी काही वेगळं निघतंय का, ते त्या बघत होत्या.

निघालं नाही. इमारत जीर्ण झाली असून तिचा पुनर्विकास करायचं ठरलं आहे. राहणाऱ्या सात जणींनी साठ दिवसांत खोल्या रिकाम्या कराव्यात. त्यांची ‘तात्पुरती पर्यायी व्यवस्था’ वाघोलीच्या पुढे एका गृहसंकुलात होईल. तात्पुरती म्हणजे किती दिवस, ते लिहिलेलं नाही. आणि मग शेवटची ओळ: ‘संस्थेने आजवर आपणांस विनामूल्य आश्रय देऊन जे उपकार केले, त्यांची जाण ठेवून आपण सहकार्य कराल अशी अपेक्षा आहे.’

मी हे पत्र लिहायला बसले ती या ओळीमुळे. खोल्यांसाठी भांडायला कायदा आहे, त्याकडे पुढे येतेच. पण या ओळीला उत्तर देणारं जगात एकच ठिकाण आहे, ते म्हणजे तुमच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटातल्या वह्या. आणि गंमत अशी की त्या वाचायला मला तुम्हीच बसवलंत.

एकट्या पडलेल्या बायकांना वाड्यात खोल्या देणाऱ्या या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. पेठेतल्यांना ते न लिहिता कळेल. इतरांना कळून करायचंय काय? त्या नावात दोन मेलेली माणसं आहेत, वाडा बांधणारे शेठजी आणि शेठाणी, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही.

तुमच्यापैकी तिघे नवीन आहेत. त्यांना मी फक्त ‘त्या हिशेब विचारणाऱ्या बाई’ म्हणून माहीत असेन, तेव्हा ओळख करून देते. मी सात नंबरच्या खोलीतल्या आजीची नात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. आजीचं बिऱ्हाड नारायण पेठेत, तळमजल्यावर. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे, ते पुराच्या आधीच गेले होते. पाणी ओसरल्यावर आजीला चिखलात एक पितळी पातेलं सापडलं आणि पाटा सापडला. वरवंटा काही सापडला नाही. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला वसाहती उठत होत्या, तिथे तिला जागा मिळाली असती. ती गेली नाही. चार घरचा स्वयंपाक करून ती पोट भरायची आणि ती चारही घरं पेठेत होती. पुढल्या वर्षी तिला तुमच्या वाड्यात खोली मिळाली. तिथे ती बावीस वर्षं राहिली आणि तिथेच गेली. माझी आई नोकरी करायची, त्यामुळे शाळा सुटली की मी सातात. पाढे मी तिथल्या ओट्यावर पाठ केले. आणि आजीचा पाटा शेवटपर्यंत अकरा नंबरच्या काकूंच्या वरवंट्यावर चालला. वाटण वाटलं की अर्धं त्यांना द्यायचं, असा करार होता.

बाहेरचे लोक त्या वाड्याला ‘म्हातारीचा वाडा’ म्हणत. आतल्या बायका म्हणत ‘खोल्या’. ‘मी खोल्यांत असते’ एवढंच सांगायच्या. आश्रम, अनाथगृह, वृद्धाश्रम हे शब्द आजीने कधी तोंडात येऊ दिले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही संस्थेची स्मरणिका काढायची ठरवली. मी सहकारी बँकेत पस्तीस वर्षं इतरांचे हिशेब तपासले, आता घरी असते, आणि अक्षर बरं आहे. एवढ्या पात्रतेवर तुम्ही कपाटाची किल्ली माझ्याकडे दिलीत. आठ महिने मी त्या वह्या वाचत होते. इतिवृत्तं, जमाखर्च, खोल्या कुणाला दिल्या त्याची नोंदवही. सुरुवातीच्या दोन वह्या मोडी लिपीत आहेत. मोडीचा वर्ग केलेल्या एका मैत्रिणीला घेऊन बसले आणि ती वाचत गेली तसं लिहून घेतलं. तुम्हाला हवं होतं तेही दिलं: शेठजी-शेठाणींच्या तसबिरी, बांधकामाची हकिकत, पाहुण्यांचे शुभसंदेश. बाकीचं ‘अप्रस्तुत’ म्हणून परत आलं. ते अप्रस्तुत आज प्रस्तुत झालंय, म्हणून सांगते.

दानशूरांची पुण्यात कधी वाण नव्हती. डेव्हिड ससूनांच्या पैशातून इथे इस्पितळ झालं आणि निराधार-अपंगांसाठी पंगुगृहही झालं. ते नवी पेठेत ‘निवारा’ या नावाने आजही चालू आहे. ससून १८६४ साली पुण्यातच वारले, त्यांची कबर लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. डेक्कन कॉलेजच्या येरवड्याच्या इमारतीला जमशेटजी जीजीभाईंचा पैसा लागला. या दोघांच्याही संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा होता. त्यांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. इस्पितळात बरा झालेला माणूस बरा झाला तो झालाच. पण पैसा कुठून आला हे ठाऊक असलं की घेणाऱ्याची मान जरा ताठ राहते, इतकंच.

आपले शेठजी एवढे मोठे नव्हते. बुधवार पेठेतली सराफी, आणि सराफीपेक्षा सावकारी जास्त. त्यांच्या वडिलांच्या व्यवहारातली गावं वहीत येतात ती पुणे जिल्ह्याच्या पूर्वेची, भीमाथडीकडची. मे १८७५ मध्ये याच मुलखात सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, कर्जखतं-दस्तऐवज बाहेर काढून जाळले आणि दंगे पसरत गेले. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जविषयक कायदा आला. जमीन जप्त करून घेणं त्यानंतर पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही. आपल्या घराण्याचा पैसा पुढे शहरातल्या गहाणवटीत जास्त दिसू लागतो. तो या कायद्यामुळेच वळला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वहीत कारण लिहिलेलं नाही, फक्त गावांची नावं कमी होत जातात आणि पेठांची वाढत जातात.

आता खोल्यांच्या नोंदवहीचं पहिलं पान. सहा बायकांची नावं आहेत. प्रत्येकीपुढे वय, नवऱ्याचं नाव, खोलीचा आकडा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तिसऱ्या नावापुढे शेरा आहे: ‘घर गहाणांत आमचेकडे आले.’ पाचव्या नावापुढे फक्त ‘सदर’. मैत्रिणीने ते दोनदा वाचलं. मग आम्ही दोघी जरा वेळ गप्प बसलो आणि खाली जाऊन चहा घेऊन आलो.

म्हणजे सहापैकी दोघी अशा, ज्यांची राहती घरं शेठजींच्याच पेढीने घेतली होती. त्यांनाच शेठजींनी खोल्या दिल्या. याला कुणी प्रायश्चित्त म्हणेल, कुणी व्यवहार म्हणेल. बांधकामाचा बराचसा पैसा शेठाणींच्या अंगावरच्या सोन्यातून आला. पाटल्या, तोडे, गोठ, एकेकाचं वजन लिहून ठेवलंय. शेठाणी लिहू शकत नव्हत्या. त्यांच्या नावाखाली अंगठा आहे. सगळ्या इतिवृत्तांत त्यांचं म्हणून एक वाक्य नाही, पण घर गेलेल्या त्या दोन बायकांची नावं यादीत कुणी घातली असतील, याचा माझा अंदाज त्या अंगठ्याकडे जातो. शेठाणींच्या घरात एक विधवा नणंद होती. ती यादीत चौथी आहे. तिला घरात जागा नव्हती असं नाही. ती आपणहून वाड्यात आली की तिला पाठवली, हे वही सांगत नाही.

संत करायचं कारण नाही कुणालाच. पहिल्या न्यासपत्रात ‘वरिष्ठ ज्ञातीतील’ विधवांनाच खोली द्यावी अशी अट होती. ती स्वातंत्र्यानंतर निघाली. ज्या शहरात १८६३ सालीच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी, शेठ नसताना, घरच्यांनी दारं बंद केलेल्या विधवांसाठी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलं, त्या शहरात आपल्या शेठजींना पुढे कित्येक वर्षांनीही जात विचाराविशी वाटली. हे पानही स्मरणिकेतून गळलं. गाळू नका. आजच्या सात जणींमध्ये ज्या तिघी त्या अटीत बसल्या नसत्या, त्यांना कळू दे की अट होती आणि ती माणसांनीच काढली.

तर आता सांगा, उपकार कुणी कुणावर केले? ज्या भिंतींत त्या बायकांच्याच घराचा पैसा आहे, त्या भिंतींत राहू दिलं म्हणून? आणि समजा तो पैसा शेठजींच्या निव्वळ घामाचा असता, तरी उपकार करण्याचा मान तुमच्याकडे कसा आला? तुम्ही तर त्यात एक वीटही घातलेली नाही. तुमचं काम राखणदाराचं, आणि ते काम तुम्ही आपणहून पत्करलंय.

आता तक्रारी. बारीकसारीक सोडून देते.

सगळ्यात मोठी जागेची. न्यासपत्र तुमच्याकडे आहे, तिसरा परिच्छेद काढून वाचा. खोल्या पेठेतच असाव्यात, देवळाला आणि बाजाराला बायकांना पायी जाता यावं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे देणाऱ्यांनी भिंती आणि छप्पर तर दिलंच, पण पत्ताही दिला. तुम्ही म्हणता, वाघोलीला लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, संडास खोलीतच आहे. असेल. त्या सात जणींतल्या चौघी संजय गांधी निराधार योजनेच्या दरमहा १५०० रुपयांवर आहेत. ते पैसे जमा होतात ती बँक कोपऱ्यावर, दवाखाना गल्लीत. पोळ्यांची कामं, वाती, मेतकूट-भाजणी हे सगळं गिऱ्हाईक चार वाड्यांत. वाघोलीहून रिक्षाने एकदा येऊन-जाऊन करायचं तर त्या १५०० तला तिसरा हिस्सा सहज जातो. बसने यायचं म्हणाल, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने पीएमपीची पायरी चढून दाखवावी आणि मग आपण बोलू. आणि पैशाचं सोडा. आजी सकाळी ओट्यावर बसली की अर्ध्या तासात चौदा जण ‘काय आजी, बरं आहे ना’ म्हणून जायचे. एखाद्या सकाळी ती दिसली नाही तर चौदातला एक तरी कडी वाजवायचा. ती गेली तेव्हाही असंच कळलं. दूधवाल्याने कडी वाजवली.

बैठकीत तुमच्यातल्या एकांनी मला महर्षी कर्व्यांचा दाखला दिला. अण्णांनी आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेलाच होता की, म्हणाले. नेला होता. १८९६ ला त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली, रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या सहा एकरांवर, हिंगण्याला झोपडी उभी केली. शहरात प्लेग होता, वर विधवांच्या शिक्षणाचं नाव काढलं की अंगावर येणारे लोक होते. पण त्या मुली होत्या. त्यांना शिकून बाहेर पडायचं होतं आणि त्यासाठी जुन्या वस्तीपासून लांब जाणंच त्यांच्या फायद्याचं होतं. आपल्या सात जणींना आता कुठे बाहेर पडायचंय? त्यांच्यापाशी उरलीये ती तीच वस्ती. आणखी एक. अण्णा कॉलेजातलं शिकवणं आटपून चिखल तुडवत रोज हिंगण्याला चालत जायचे. वाघोलीला तुमच्यापैकी कोण जाणार आहे? चालत नको, गाडीने. रोज नको, महिन्यातून एकदा.

दुसरी तक्रार कुलपांची. खोल्या अठरा, त्यांपैकी अकरा बंद. गेल्या बारा वर्षांत एकेक बाई गेली तसं एकेक कुलूप लागत गेलं. तुम्ही वार्षिक अहवालात लिहिता, ‘गरजू लाभार्थी मिळत नाहीत.’ माझ्या ओळखीच्या तिघींचे अर्ज मी स्वतः लिहून दिलेत. पोच आहे, उत्तर नाही. अठरा जणींना हलवण्यापेक्षा सात जणींना हलवणं सोपं, हे गणित मलाही येतं. ते बारा वर्षांपूर्वीच मांडलं होतं की नंतर जुळून आलं, एवढंच विचारते.

तिसरी, ‘जीर्ण’ या शब्दाची. इमारत खरंच वाईट आहे. मागच्या भिंतीला टेकू आहे, माळ्याची तुळई वाकलीय, आणि पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते त्यात आपलं नाव येतं. कुणाच्या अंगावर भिंत पडावी असं मला वाटत नाही, त्यामुळे ‘जसं आहे तसं राहू द्या’ असं मी म्हणणार नाही. पण ती आपोआप जीर्ण झाली नाही. जुन्या जमाखर्चात दर वैशाखात एक नोंद येते: कौलं शाकारणे. मजुरी, नवी कौलं, सुतळी, सगळं आणा-पैशात. दुष्काळाच्या वर्षी नोंद आहे, लढाईच्या वर्षी आहे, पानशेतच्या वर्षी तर दोनदा आहे. शेवटची नोंद बावीस वर्षांपूर्वीची. रस्त्याच्या अंगाला चार दुकानं बांधली ती त्यांच्या भाड्यातून वाड्याची डागडुजी व्हावी म्हणून. त्यातल्या दोघांची भाडी जुन्या कायद्याने गोठलेली आहेत, चहाच्या पैशाइतकी, हे मान्य. उरलेली दोन तुम्ही अलीकडे नव्या करारावर दिलीत. तो पैसा कुठे गेला ते ताळेबंदात ‘प्रशासकीय खर्च’ या एका ओळीत आहे. पस्तीस वर्षांत मी ही ओळ पुष्कळ ठिकाणी पाहिली. तिच्या पोटात काहीही मावतं.

चौथी, न विचारण्याची. विकसक कोण, त्याने काय देऊ केलं, जाहिरात दिली का, निविदा किती आल्या, यातलं वाड्यात कुणाला काही ठाऊक नाही. भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचा आधार असतो. या बायका भाडं देत नाहीत म्हणून तो त्यांना लागू नाही, असं तुमचे वकील म्हणाले. बरोबर असेल. पण मग त्या कोण? पाहुण्या? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० सालचा आहे. त्यात न्यासात ‘हितसंबंध असलेल्या व्यक्ती’ कोण याची व्याख्या केलीये आणि तिच्यात लाभार्थी येतात. त्याच कायद्याचं ३६ वं कलम सांगतं की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही, अदलाबदल करता येत नाही, बक्षीस देता येत नाही. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. तुमचा विकसकाशी करारही याच कलमाखाली तपासला गेला पाहिजे, असं मी ज्यांना विचारलं त्या दोन्ही वकिलांचं मत पडलं. परवानगी मिळाली असेल तर नोटिशीत तिचा क्रमांक का नाही? मिळाली नसेल तर साठ दिवस कसले मोजताय?

‘काळ बदलला, दानाचं स्वरूपही बदलतं,’ असंही ऐकवलंत. बदलतं ना. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात पेशवे श्रावणात दक्षिणा वाटायचे. पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादी आणि मंडळींनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथांनाही मिळावा. त्यावर शहरात केवढं रण माजलं! पण ते उघड्यावर माजलं. अर्ज झाले, सह्या झाल्या, विरोधकांनीही आपलं म्हणणं मांडलं, आणि मग बदल झाला. सेलोटेपने चिकटवलेल्या कागदाने झाला नाही. आणि हिशेब विचारणं ही मला एकटीला लागलेली खोडही नाही. याच पर्वतीवरच्या देवस्थानच्या, म्हणजे पर्वती संस्थानच्या, कारभाराबद्दल लोकांची कुरकुर वाढली, त्यातून हालचाल सुरू झाली आणि २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद होण्यासाठी लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रं आणावी लागत. गणेश वासुदेव जोशी ‘सार्वजनिक काका’ झाले ते त्या कामातूनच. माझ्याकडे सात मुखत्यारपत्रं आहेत. पाचांवर सही, दोनांवर अंगठा.

मागण्या अशा:

१. नोटिशीची शेवटची ओळ लेखी मागे घ्यावी आणि तो कागद दरवाजावर लावावा. या वेळी खिळे ठोकून.

२. धर्मादाय आयुक्तांची परवानगी होईपर्यंत साठ दिवसांची मुदत थांबवावी. परवानगीचा अर्ज केला असेल तर त्याची प्रत सातही जणींना द्यावी, मराठीत आणि मोठ्या टाइपात. सुनावणीला त्यांना बोलवावं.

३. न्यासपत्र, परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली न्यासाची नोंद), दहा वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि विकसकाचा प्रस्ताव वाड्याच्या चौकात वाचायला ठेवावा.

४. पावसाळा चालू आहे. मागच्या भिंतीचे टेकू आणि कौलं या आठवड्यात बघावीत. तुमच्या आणि विकसकाच्या ओळखीचा नसलेला अभियंता आणून इमारत तपासावी. तो म्हणाला पाडा, तर पाडावी. मी आड येणार नाही.

५. पाडायची झालीच, तर बांधकाम होईपर्यंत सात जणींची सोय पेठेतच, पायी अंतरावर करावी. इतर वाड्यांच्या पुनर्विकासात विकसक बिऱ्हाडांना भाडं देतात, ते इथेही घ्यावं. नव्या इमारतीत खालच्या दोन मजल्यांवर अठरा खोल्या, अठराच, सतरा नाहीत, याच जागेवर आणि कायमच्या. हे करारात लिहिलेलं हवं, भाषणात नको.

६. अकरा कुलपांपैकी ज्या खोल्या अभियंत्याच्या मते राहण्याजोग्या असतील त्या आजच उघडाव्यात. तीन अर्ज तुमच्या टेबलावर आहेतच.

७. विश्वस्त मंडळावर राहणाऱ्यांपैकी एक बाई घ्यावी. आजवर शेठाणींच्या अंगठ्यानंतर त्या वहीत एकाही बाईची सही नाही.

स्मरणिकेबद्दल मागणी करत नाही, विनंती करते. छापायची तर नोंदवहीचं पहिलं पान शेऱ्याच्या रकान्यासकट छापा. नसेल जमत तर माझं नाव काढा.

या पत्राची प्रत धर्मादाय कार्यालयाला दिली आहे, पोच घेतली आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी चौकात बसेन, नऊ नंबरच्या मावशी चहा करणार आहेत. तुमच्यापैकी जे येतील त्यांनी बिनदिक्कत यावं. माझ्याकडे वह्यांच्या झेरॉक्स आहेत, मूळ वह्या तुमच्या कपाटात आहेत. जाता जाता एक सांगते: कपाटाच्या खालच्या कप्प्यात वाळवी लागलीय. मोडीच्या दोन्ही वह्या तिथेच आहेत. त्या निदान वरच्या कप्प्यात हलवा.

आपली,
खोली नंबर सातची नात
पुणे